पडतो तो एकटाच

श्रोते हो, नमस्कार.

2004 साली आपल्या गोव्यात दुसऱ्या विभागाच्या फुटबॉल लीगमध्ये दोन क्लब अगदी शेवटपर्यंत गुणांत बरोबरीला राहिले. वरच्या विभागात जायचं तर गोलफरक मोठा हवा. मग दोघांचेही शेवटचे सामने झाले. एक सुटला 55-1 असा, दुसरा 61-1 असा. नव्वद मिनिटांत बासष्ट गोल म्हणजे दर दीड मिनिटाला एक. गोल झाल्यावर चेंडू मध्यावर आणून पुन्हा सुरुवात करायला लागणारा वेळही त्यातच धरायचा. एवढे गोल करायला नुसतं कौशल्य पुरत नाही, समोरच्या संघाची मनापासून साथ लागते. गोवा फुटबॉल संघटनेनं चारही क्लब वर्षभरासाठी निलंबित केले. बातमी परदेशापर्यंत गेली, लोक हसले आणि विसरले. त्या चार संघांतल्या एकाही खेळाडूचं नाव आज कुणी सांगू शकणार नाही. ती मुलं कधी वर चढलीच नव्हती, त्यामुळे त्यांना पडायलाही जागा नव्हती.

आज बोलायचं आहे ते चढलेल्यांविषयी. ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं आणि एके दिवशी धाडकन खाली टाकलं, अशा नामांकित खेळाडूंविषयी. या प्रकरणांचे तपशील वाचताना मला प्रत्येक वेळी एकच गोष्ट खटकते. वर चढताना खेळाडूच्या मागे प्रशिक्षक, डॉक्टर, संघटनेचे पदाधिकारी, पुरस्कर्ते, मंत्री अशी सगळी वरात असते. पडताना मात्र तो बहुधा एकटाच पडतो.

बेन जॉन्सनचंच घ्या. 24 सप्टेंबर 1988, सोल ऑलिंपिक, शंभर मीटरची अंतिम शर्यत. रेषा ओलांडता ओलांडताच त्यानं उजवा हात वर केला होता, इतका तो पुढे होता. वेळ 9.79 सेकंद. जमैकात जन्मलेला, लहानपणी कॅनडात आलेला हा मुलगा त्या दिवशी जगातला सर्वांत वेगवान माणूस होता. तीन दिवसांत त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडल्याचं जाहीर झालं आणि पदक काढून घेतलं गेलं. स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड. ते स्नायूंना बळ देतं, पण त्याचा खरा फायदा निराळाच असतो. कठोर सरावानंतर शरीराची झीज लवकर भरून येते, त्यामुळे इतरांना विश्रांती लागते त्या दिवशीही हा गडी पुन्हा मैदानावर उतरू शकतो. जिंकला तेव्हा कॅनडाचा असलेला जॉन्सन पकडला गेल्यावर पुन्हा जमैकाचा झाला, असं तेव्हा उपहासानं बोललं जायचं.

कॅनडा सरकारनं न्यायमूर्ती चार्ल्स ड्युबिन यांची चौकशी समिती नेमली. तिच्यासमोर प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी सांगितलं की जॉन्सन 1981 पासून स्टेरॉइड घेत होता, आणि त्या पातळीवर तो एकटा नव्हता. 1981 ते 1988 म्हणजे सात वर्षं. एवढा काळ एक धावपटू इंजेक्शनं घेतो आणि कुणाला काहीच कळत नाही, यावर विश्वास ठेवायला माझं मन तरी तयार नाही. त्या अंतिम शर्यतीतल्या आठांपैकी बहुतेकांची नावं पुढे कधी ना कधी औषधांच्या प्रकरणांत आली. जॉन्सनचं सुवर्ण मिळालेला कार्ल लुईस त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत उत्तेजकांसाठी पॉझिटिव्ह आला होता. ते अजाणतेपणी घडलं असं तिथल्या ऑलिंपिक समितीनं मान्य केलं, आणि ही गोष्ट बाहेर आली ती थेट 2003 साली. ज्याच्या नावाला कधीच डाग लागला नाही, तो कॅल्विन स्मिथ त्या दिवशी चौथा आला होता. त्याला नंतर कांस्य मिळालं. त्याची आठवण किती जणांना आहे?

जॉन्सनची वकिली करायला मी बसलेलो नाही. दोन वर्षांची बंदी भोगून तो परत आला आणि 1993 साली पुन्हा सापडला. तेव्हा मात्र कायमचा बाद झाला. फ्रान्सिसनाही कॅनडात प्रशिक्षण द्यायला बंदी झाली. पण आज त्यांचं नाव खेळाच्या अभ्यासकांपुरतं उरलंय आणि जॉन्सनचं नाव शिवीसारखं वापरतात.

आता सिडनीला या. साल 2000. रुमानियाची आंद्रेया राडुकान, वय सोळा, जिम्नॅस्टिक्समधलं सर्वांगीण सुवर्ण तिनं जिंकलं. तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरनं गोळी दिली, तिनं घेतली. सोळा वर्षांची मुलगी संघाच्या डॉक्टरला काय विचारणार? गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. नाक मोकळं करणारं साधं औषध, पण तेव्हा बंदी असलेल्यांच्या यादीत. सुवर्ण गेलं. क्रीडा लवादाकडे अपील झालं. मुलीनं मुद्दाम काही केलं असं कुणीच म्हटलं नाही, तरी पदक परत मिळालं नाही, कारण शरीरात काय सापडतं याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरला पुढच्या दोन ऑलिंपिकची दारं बंद झाली. आणि कहर असा की 2004 साली हेच औषध त्या यादीतून काढून टाकलं, मग 2010 मध्ये ठरावीक मर्यादा घालून पुन्हा आत आणलं.

यात अन्याय झाला असं मला वाटतं. पण नियम असा का आहे, हेही समजून घ्यायला हवं. लघवीचा नमुना खेळाडूचाच घेता येतो. प्रशिक्षकाच्या लघवीत काही सापडत नाही, पदाधिकाऱ्याच्या तर नाहीच नाही. औषध देणाऱ्याला, त्यात साथ देणाऱ्याला जबर शिक्षा नियमात लिहिलेली आहे, अगदी आजन्म बंदीपर्यंत. पण त्यासाठी साक्षीपुरावा लागतो, आणि साक्ष द्यायची असते ती त्यांच्याच हाताखाली वाढलेल्या पोरांनी.

क्रिकेटमध्ये लघवीचा प्रश्न नसतो, तिथे पैसा असतो. आपल्याकडे आयपीएल सुरू झालं की कळंगुट, कांदोळी, पर्वरी अशा ठिकाणी फ्लॅटवर छापा पडल्याची बातमी दर मोसमात येते. पाचसात तरुण, लॅपटॉप, मोबाइलचा ढीग. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. मटक्याचा आकडा लावून आलेला माणूस आपल्याला गुन्हेगार वाटत नाही, मग हे का वाटावेत? पण सट्ट्याच्या बाजारात सगळ्यात महाग माल म्हणजे आधी कळलेली गोष्ट, आणि ती विकू शकतो तो फक्त आत खेळणारा.

दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए असा विकणारा निघाला. वर्णभेदाच्या काळात वाळीत पडलेला तो देश 1991 साली क्रिकेटमध्ये परतला होता. क्रोनिए म्हणजे त्या नव्या संघाचा चेहरा, चर्चला जाणारा, सरळमार्गी म्हणून नावाजलेला. 7 एप्रिल 2000 रोजी दिल्ली पोलिसांनी फोनवरच्या संभाषणांच्या आधारे गुन्हा दाखल केल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिकडे कुणाचाच विश्वास बसला नाही. आपल्या पोलिसांचीच टिंगल झाली. चारच दिवसांनी क्रोनिएनं मध्यरात्रीनंतर मंडळाच्या प्रमुखांना फोन करून पैसे घेतल्याचं मान्य केलं.

त्या प्रकरणातला मला सर्वांत टोचणारा भाग नागपूरचा आहे. मार्च 2000 मधला एकदिवसीय सामना. क्रोनिएनं आपल्या संघातल्या दोघांना पैशांचं आमिष दाखवलं. हर्शेल गिब्जनं वीसच्या आत बाद व्हायचं आणि हेन्री विल्यम्सनं पन्नासाहून जास्त धावा द्यायच्या. गिब्जनं हो म्हटलं आणि मैदानात गेल्यावर 74 धावा ठोकल्या! विल्यम्सचा खांदा दुखावला, दोन षटकंही पुरी झाली नाहीत. दोघांकडूनही ठरल्यासारखं काही झालं नाही, तरी दोघांना सहा सहा महिन्यांची बंदी बसली. आता हे दोघे कोण होते ते बघा. वर्णभेदाच्या राजवटीनं ज्यांना ‘कलर्ड’ ठरवून खालच्या पायरीवर बसवलं, त्या समाजातली ही मुलं, संघातली आपली जागा अजून पक्की करत असलेली. देशाच्या लाडक्या गोऱ्या कर्णधारानं हॉटेलच्या खोलीत विचारल्यावर नाही म्हणायला किती धाडस लागलं असतं, याचा विचार करा. इथे कर्णधार स्वतःच चढवणारा होता आणि स्वतःच पडणाराही. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. 1 जून 2002 रोजी विमान अपघातात तो गेला, वय अवघं बत्तीस. पलीकडच्या टोकाला बसलेला, आरोपपत्रात नाव असलेला बुकी ब्रिटनमधून भारतात आणला गेला तो 2020 च्या फेब्रुवारीत, म्हणजे वीस वर्षांनी.

आपल्याकडचा महंमद अझरुद्दीनही त्याच वादळात सापडला. 99 कसोटींवर थांबला. 2000 च्या डिसेंबरात मंडळानं आजन्म बंदी घातली आणि 2012 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. तोवर तो खासदार होऊनही झालं होतं. मुरादाबादच्या मतदारांनी कोर्टाची वाट पाहिली नाही.

महंमद आमिर तर लॉर्ड्सवर 2010 साली सापडला तेव्हा अठरा वर्षांचा होता. ठरवून नो-बॉल टाकले. कर्णधार सलमान बट, जोडीदार महंमद आसिफ आणि तो, तिघेही इंग्लंडच्या तुरुंगात गेले. कर्णधाराला अडीच वर्षं, आसिफला एक, आमिरला सहा महिने. बंदी संपवून आमिर परतला आणि 2017 च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं रोहित, विराट आणि शिखर या तिघांना गुंडाळून आपला निकाल लावला. त्या रात्री आपल्याकडे त्याला ‘चोर’ म्हणणारे पुष्कळ होते आणि पलीकडे त्याला खांद्यावर घेणारेही. माणूस तोच होता, नो-बॉलही तेच.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, तुम्ही सगळ्या पडलेल्यांना गरीब बिचारे ठरवायला निघालात. तर नाही. लान्स आर्मस्ट्राँग हे नाव माझं सगळं म्हणणं उलटं करून ठेवतं.

1996 साली कर्करोग झाला, तो फुप्फुसात आणि मेंदूत पसरला होता. त्यातून तो वाचला आणि 1999 ते 2005 अशी ओळीनं सात वर्षं त्यानं टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. त्याच्या संस्थेचं पिवळं रबरी कडं तेव्हा पोरांच्या मनगटावर आपल्याकडेही दिसायचं, पणजीत, मडगावात, कॉलेजच्या आवारात. इस्पितळात खाटेवर पडलेल्या माणसांनी या माणसाकडे बघून धीर धरला. तो धीर खोटा होता असं मी म्हणणार नाही. त्यांचा आजार खरा होता आणि त्याचाही.

पण हा माणूस रक्ताच्या पिशव्या, ईपीओ नावाचं लाल पेशी वाढवणारं औषध, टेस्टोस्टेरॉन, सगळं वापरत होता, आणि त्याच्यापुढे नियम मोडणं ही बारीक गोष्ट ठरावी असं बरंच त्यानं केलं. संघात मालिश करणारी एमा ओरायली नावाची बाई होती. 1999 च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडल्यावर मागची तारीख घालून मलमाची चिठ्ठी तयार केली गेली, हे तिनं पुढे सांगितलं. त्यानं तिची जाहीर बदनामी केली, तिला कोर्टात खेचलं. सहकाऱ्याची बायको बेट्सी अँड्र्यू म्हणाली, इस्पितळाच्या खोलीत त्यानं डॉक्टरांसमोर औषधं घेतल्याचं कबूल करताना मी ऐकलं. तिला खोटारडी ठरवलं. लंडनच्या एका वर्तमानपत्राकडून त्यानं अब्रुनुकसानीच्या दाव्यात तडजोडीचे पैसेही घेतले. खरं बोलणाऱ्याकडून भरपाई वसूल करणारा चोर मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

2012 साली अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेनं त्याच्याच अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी जमवल्या आणि डोलारा कोसळला. सातही विजेतेपदं गेली. ती दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. त्या सात वर्षांच्या पुढे विजेत्याची जागा आजही रिकामीच आहे, कारण मागच्या क्रमांकांवरच्या कितीतरी जणांची नावंही त्याच चिखलात होती. जानेवारी 2013 मध्ये दूरचित्रवाणीवर बसून त्यानं कबुली दिली. करून करून भागले नि देवपूजेला लागले! इथे मात्र वरातीतलेही सुटले नाहीत. संघाचा व्यवस्थापक आणि डॉक्टर दोघांवरही आजन्म बंदी आली. कारण एकच. या वेळी तपास लघवीपाशी न थांबता साक्षीदारांपर्यंत गेला.

कधी कधी पाडणाराच खोटा असतो, तेही सांगून टाकतो. जिम थोर्प, अमेरिकेचा मूळ रहिवासी. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकले. पुढच्या वर्षी पदकं काढून घेतली, कारण आधी एकदा तो थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची इतर मुलं असं खेळताना खोटं नाव लावायची, यानं स्वतःचं लावलं होतं. हरकत घ्यायची मुदत तीस दिवसांची होती, ती कधीच उलटली होती, तरी श्रीमंतांच्या हौशी खेळाची शुद्धता राखायची म्हणून त्याला बाहेर काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तो 1953 साली वारला. पदकं कुटुंबाला मिळाली 1983 साली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं 2022 मध्ये.

आता घराजवळ येऊ. नरसिंग यादव, ओळीनं तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्य जिंकलं आणि 74 किलो गटात भारताला रिओची जागा मिळवून दिली. बीजिंगला कांस्य आणि लंडनला रौप्य जिंकलेला सुशील कुमार म्हणाला, आमची दोघांची कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, सुशीलची मागणी फेटाळली गेली. आणि काही आठवड्यांत नरसिंगच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. माझ्या जेवणात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. ‘नाडा’नं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेनं, ते मानून त्याला सोडलं. तो रिओला पोचला. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेनं अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी सुनावली. घातपाताचा पुरावा नाही, असं लवाद म्हणाला. आकडा बोलायला सोपा असतो, पण चार वर्षं मातीपासून लांब राहणं पैलवानाला काय असतं ते तालमीतल्या माणसाला विचारा. सुशीलला मे 2021 मध्ये एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप सिद्ध होणं न होणं कोर्टाचं काम, त्यावर मी बोलणार नाही.

हे सगळं वरच्या पातळीवरचं झालं. खाली काय चाललंय? सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धेत ‘नाडा’चे अधिकारी आल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीला आठांपैकी एकच धावपटू उभा राहिला. बाकीच्यांना एकाएकी पायात गोळे आले. एक मुलगी शर्यत संपल्यावरही पळतच राहिली, नमुना घ्यायला अधिकारी तिच्या मागे. मैदानाच्या शौचालयात रिकाम्या सिरिंज पडलेल्या होत्या. ऐकताना हसू येतं. पण ही मुलं ऑलिंपिकची नव्हती, राज्य पातळीवरची होती. एक प्रमाणपत्र, त्यावर सरकारी नोकरीतली राखीव जागा, एवढाच सगळा पल्ला. 2022 साली आपल्या देशात 3865 नमुने तपासले गेले आणि 125 सदोष निघाले. भरपूर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. दिल्लीच्या त्या स्पर्धेनंतर महिन्याभरातच आपल्या गोव्यात 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, फातोर्ड्याला थाटात उद्‌घाटन झालं, स्पर्धेचा शुभंकर असलेल्या ‘मोगा’ गव्याची चित्रं रस्तोरस्ती लागली, आणि स्पर्धा आटोपल्यावर डोपिंगमध्ये सापडलेल्या खेळाडूंच्या बातम्या मागोमाग आल्याच.

म्हणून शेवटची दोन मिनिटं मी त्या आईबापांसाठी राखली आहेत ज्यांची मुलं पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्यातरी मैदानावर घाम गाळतायत. मुंबईच्या क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर 2019 साली आठ महिन्यांची बंदी आली ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलिन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे. आपल्याकडे खोकला झाला की नाक्यावरच्या फार्मसीत जाऊन बाटली मागायची सवय आहे. मूल स्पर्धेत उतरणारं असेल तर ती सवय सोडा. डॉक्टरला आधी सांगा की हा खेळाडू आहे. चिठ्ठी जपून ठेवा, औषधाचं वेष्टनही जपून ठेवा. दम्यासारख्या आजारासाठी बंदीतलं औषध घ्यावंच लागत असेल तर ‘नाडा’कडून आगाऊ परवानगी मिळते, तिचा अर्ज भरा. जिममध्ये कुणी प्रथिनांचा डबा हातात ठेवला तर बिल मागा, डब्यावरचा बॅच क्रमांक उतरवून घ्या. प्रशिक्षकानं गोळी दिली तर नाव आणि तारीख वहीत लिहा. तो रागावला तर रागावू दे. उद्या काही सापडलंच, तर कुणाचीही चूक असली तरी नोटीस तुमच्या मुलाच्याच नावानं येणार आणि चौकशीत प्रश्न येणार, हे तुला कुणी दिलं? त्याचं उत्तर पुराव्यासकट देता आलं तर शिक्षा कमी होऊ शकते, आणि देणाऱ्यालाही त्याच टेबलासमोर बसवता येतं.

नमस्कार.